टाच

चाळीस वर्षं लोकांचे जोडे उलटे धरून पाहतोय मी,
लास्लो टाकाच, ओहायो, दुकान कोपऱ्यावरचं.
शेजारी बंद पडलेली बँक, समोर पार्किंग,
मागे पार्किंग,
आणि बँक पाडली की तिथेही पार्किंगच, म्हणतात.

आमच्या शहराचा जोडा मी डोळे मिटून ओळखतो:
तळवा कोरा, खोक्यातून काढला तसा,
फक्त उजवी टाच मागून घासलेली,
नखाएवढी, तिरकी.
ती ॲक्सिलरेटरची.
माणूस जन्मभर एका टाचेवर बसून फिरला
की चामडं हे असं बोलतं.

इल्का, माझी नात. शाळेत असताना
वाचनालयात चालत जायची,
म्हणजे एकदाच गेली.
सहा पदरी रस्ता, फुटपाथ मध्येच गवतात संपलेला,
बोलता बोलता कुणी पुढचं वाक्य विसरावं तसा.
पोलिसाची गाडी शेजारी येऊन थांबली:
"पोरी, काही अडचण आहे का?"
चालत होती, एवढीच अडचण.

बाविसाव्या वर्षी तिनं इथून पाय काढता घेतला.
पिट्सबर्गला भाडं दुप्पट, खोली निम्मी,
खिडकीतून शेजाऱ्याचं वॉशिंग मशीन दिसतं.
तिची आई फोनवर हिशोब मांडते:
इथे अख्खं घर मिळेल, अंगण मिळेल,
दारात दोन गाड्यांना जागा.
हो आई, हो, म्हणते इल्का,
आणि तिच्या मागून, खालच्या रस्त्यावरून,
कुणीतरी मोठ्यानं हसत जातं.

मार्चमध्ये तिचे जोडे आले पोस्टानं,
तपकिरी, मीच शिवलेले.
उलटे केले आणि स्टूल ओढून बसलो.
दोन्ही तळवे सारखे झिजलेले,
चवड्याखाली भोक पडायच्या बेतात,
शिवणीत मीठ, बर्फावर टाकतात ते,
खाचेत सूर्यफुलाच्या बीचं टरफल.
पत्र वाचावं तसा तळवा वाचला:
इथे बससाठी धावली असणार,
इथे एका पायावर उभी, कुणाची तरी वाट बघत,
आणि इथे, बाहेरच्या कडेला,
कुणाच्या तरी बाजूनं झुकून, खूप हळू चालली.
हे तिच्या आईला सांगितलं नाही.

नगरपरिषदेत बोलायला तीन मिनिटं मिळतात.
विषय होता, तरुण मुलं शहर का सोडतात.
सल्लागारानं पडद्यावर नवं स्टेडियम दाखवलं,
आणि एक घोषवाक्य, त्यात 'ऊर्जा' दोनदा.
माझी पाळी आली.
टेबलावर दोन जोडे ठेवले, उलटे:
एक इल्काचा,
एक सदस्य ड्वेन प्रुइटचा, माझ्याकडे दुरुस्तीला आलेला.
म्हटलं, मला घोषवाक्य सुचत नाही.
पण या पहिल्या जोड्याला आपल्याकडे जायला जागाच नाही.
वाणसामान, दवाखाना, बिअर, प्रेम,
सगळ्याला आधी किल्ली लागते.
कॉलेजचं कर्ज फेडणाऱ्या पोरानं
गाडीचा हप्ता भरायचा
आणि मग शेजाऱ्याला भेटायचं?
घंटी वाजली. कुणीतरी खोकलं.
प्रुइटनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

चार चौक. एवढंच मंजूर झालं, तेही प्रयोग म्हणून.
सहाचे चार पदर, पांढरे पट्टे, दोन बाक,
झाडं अजून माझ्या कमरेइतकी.
फर्निचरवाला ऑर्विल रोज भांडतो,
गिऱ्हाइकानं सोफा काय खांद्यावरून न्यायचा?
त्याचंही खोटं नाही.

इल्का परत येणार नाही, कळतं मला.
ज्या शहरानं पायांना काम दिलं
तिथून तिचा पाय निघत नाही आता.
जोडे शिवून धाडले, जाड तळ लावून.

काल, दुकान बंद करताना, एक मुलगा आला,
हॉस्पिटलात नवा, एक्स-रे काढतो.
डावा जोडा पाणी घेतोय म्हणाला.
मी उलटा केला.
टाच नव्हे, चवडा झिजायला लागलेला,
थोडासाच.
"मंगळवारी ये," म्हटलं,
"दाराशी गाडी लावू नकोस, आता दंड होतो."
"गाडी नाहीये," तो म्हणाला, सहज,
छत्री नाहीये म्हणावं तसं.